आजोबांचा हिशेब चुकायला लागला तर? वाढतं वय, विसरभोळेपणा आणि पैशांचे व्यवहार, समजून घ्या सोप्या भाषेत

मार्च-एप्रिलचे दिवस. हिंगोली जिल्ह्यात हळद उकडून, वाळवून बाजारात यायला लागलेली असते. वसमतच्या मोंढ्यात किंवा हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात बीट झालं की शेतकऱ्याच्या हातात एक कागद पडतो, हिशेबपट्टी. किती पोती, किती क्विंटल, काय भाव लागला, हमाली किती, तोलाई किती आणि शेवटी हातात किती.

ही पट्टी एका नजरेत तपासणारी माणसं इथं गावोगाव आहेत. शाळा चौथीपर्यंत, पण पन्नास रुपयांची चूक असली तरी आडत्याला जागच्या जागी थांबवणारी.

आता समजा, असाच एक शेतकरी. वय ७४. यंदा त्यानं पट्टी घेतली, घडी घातली आणि न वाचताच खिशात टाकली. घरी मुलानं विचारलं, "बापू, भाव काय लागला?" उत्तर आलं, "लागला की, नेहमीसारखा." चार दिवसांनी तो पुन्हा मोंढ्यात गेला आणि आडत्याला म्हणाला, "माझे पैसे कधी देता?" पैसे तर आधीच खात्यात जमा झाले होते.

घरचे म्हणतात, "वय झालं आता." बऱ्याचदा ते खरंही असतं. पण काही वेळा ही मेंदूच्या आजाराची सुरुवात असते, आणि ती औषधाच्या आधी पैशांच्या व्यवहारात दिसते. घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत कधी बचत गेलेली असते, कधी जमीन.

हे नेमकं का होतं? कसं ओळखायचं? आणि वेळेत काय करता येतं?

पैशांचा व्यवहार मेंदूला एवढा जड का जातो?

बँकेतून दोन हजार रुपये काढणं आपल्याला एक काम वाटतं. मेंदूसाठी ती पाच-सहा कामं असतात. खात्यात किती आहेत हे आठवायचं, किती लागणार याचा अंदाज घ्यायचा, स्लिप भरायची, नोटा मोजायच्या, समोरचा माणूस बरोबर बोलतोय का हे पारखायचं, आणि घरी आल्यावर पैसे कुठं ठेवले ते लक्षात ठेवायचं.

यात स्मरणशक्ती लागते, आकडेमोड लागते, लक्ष लागतं आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पारख लागते. मेंदूचा कुठलाही एक भाग थकला तरी ही साखळी तुटते. म्हणूनच अंघोळ, जेवण, देवपूजा, शेतावर चक्कर हे सगळं नीट चालू असतानाही हिशेब मात्र गडबडू शकतो.

पैशांची समज वयासोबत कशी बदलते, यावर अमेरिकेतल्या काही अर्थतज्ज्ञांनी २००९ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. कर्ज आणि क्रेडिट कार्डाच्या बाबतीत लोक सगळ्यात कमी चुका साधारण ५३ व्या वर्षी करतात, असं त्यात दिसलं. तरुणपणी डोकं तल्लख असतं पण अनुभव कमी, म्हातारपणी अनुभव भरपूर पण डोक्याचा वेग कमी. दोन्हींचा मेळ मधल्या वयात बसतो.

म्हणजे उतारवयात थोडं मंदावणं नैसर्गिक आहे. मग आजार कधी म्हणायचा?

वय झालंय की आजार आहे?

चष्मा कुठं ठेवला हे विसरणं वेगळं आणि चष्मा कशासाठी असतो हे विसरणं वेगळं. पैशांच्या बाबतीतही तसंच आहे. वीजबिलाची तारीख एकदा चुकली, मग आठवलं आणि भरलं, तर काळजी नको. तेच बिल तिसऱ्यांदा भरायला निघालेत आणि आधी भरलंय हे पटतच नाही, तर मात्र थांबून बघायला हवं.

दोन्हींच्या मधे एक टप्पा असतो. डॉक्टर त्याला सौम्य बोधात्मक दुर्बलता म्हणतात. यात माणूस स्वतःचं सगळं करतो, पण स्मरणशक्ती किंवा विचारशक्ती वयाच्या मानानं जास्त घसरलेली असते. अशा प्रत्येकाला पुढं स्मृतिभ्रंश होतोच असं नाही. काहींची स्थिती तशीच राहते, काही सुधारतातही.

त्यापुढचा टप्पा म्हणजे स्मृतिभ्रंश, अर्थात डिमेन्शिया. अल्झायमर हा त्याचा सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार. मेंदूच्या रक्तवाहिन्या खराब झाल्यानंही तो होतो. त्यामुळे वर्षानुवर्षं अंगावर काढलेला रक्तदाब आणि साखर यांचा इथं थेट संबंध येतो.

भारतात ६० वर्षांवरच्या सुमारे ७.४ टक्के लोकांना, म्हणजे जवळपास ८८ लाख जणांना स्मृतिभ्रंश असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी अभ्यासात मांडला गेला. पुरुषांपेक्षा बायकांमध्ये आणि शहरांपेक्षा खेड्यांमध्ये हे प्रमाण जास्त आढळलं.

१ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झालेला हिंगोली जिल्हा हा मुख्यतः खेड्यांचाच जिल्हा आहे. २०११ च्या जनगणनेत इथली लोकसंख्या ११ लाख ७७ हजारांच्या आसपास होती. राज्यात तेव्हा दर दहा माणसांमागे साधारण एक जण साठीच्या पुढचा होता. प्रत्येक राज्यात स्मृतिभ्रंशाचं प्रमाण कमी-जास्त असलं, तरी हा जिल्ह्यातल्या काही हजार घरांचा प्रश्न आहे, एवढं नक्की.

निदानाच्या कितीतरी आधी पैशात चुका

अमेरिकेत ८० हजारांहून जास्त ज्येष्ठांच्या कर्जाच्या नोंदी आणि आजाराच्या नोंदी एकमेकांशी ताडून पाहिल्या गेल्या. ज्यांना पुढं स्मृतिभ्रंशाचं निदान झालं, त्यांचे हप्ते निदानाच्या तब्बल सहा वर्षं आधीपासून चुकायला लागले होते. हा अभ्यास २०२० मध्ये समोर आला.

हिंगोलीतल्या आजोबांकडं क्रेडिट कार्ड नसेल, पण पीक कर्ज असतं. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर राज्यात डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळं व्याज भरावं लागत नाही. दरवर्षी न चुकता नवं-जुनं करणारा माणूस अचानक मुदत विसरला आणि सवलत गेली, तर तो फक्त आळस नसू शकतो.

मग लक्ष कशाकडं ठेवायचं?

- एकाच दुकानाची उधारी दोनदा देणं, किंवा दिलेली असूनही "दिलीच नाही" म्हणणं
- पासबुक, एफडीची पावती, सातबारा पुन्हा पुन्हा नव्या जागी लपवणं आणि मग चोरीचा आळ घरच्यांवर घेणं
- आयुष्यभर हात आखडून वागलेल्या माणसानं अचानक कुणालाही पैसे देणं, किंवा सढळ हाताच्या माणसानं अचानक रुपयाही न सोडणं
- बाजारात सुट्टे किती परत यायला हवेत याचा अंदाज न येणं आणि प्रत्येक वेळी मोठी नोटच पुढं करणं
- बी-बियाणं, खतं गरजेपेक्षा दुप्पट आणणं
- सोपा हिशेब विचारला की चिडणं किंवा विषय बदलणं

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे आजार झाला, असं नाही. महत्त्वाचा प्रश्न एकच: हे काम त्यांना आधी यायचं का?

फोन पे वापरता येत नाही, ओटीपी कळत नाही, हा आजार नव्हे. हिंगोलीतल्या पंचाऐंशी वर्षांच्या आजीचा जन्म निजामाच्या राज्यातला आहे. हाली सिक्का, मग आणे, १९५७ नंतर नवे पैसे, २०१६ ची नोटबंदी आणि आता क्यूआर कोड, एवढे बदल तिनं एका आयुष्यात पचवलेत. नवं न शिकणं ही गोष्ट वेगळी. पण जी आजी तोंडी पायलीचा हिशेब करायची, तिलाच आता दुधाचे पैसे जुळेनात, तर तो बदल गंभीर आहे.

"नोटा तर बरोबर मोजतात!"

घरचे सगळ्यात जास्त इथं फसतात. अमेरिकेतल्या अलाबामा विद्यापीठातले डॅनियल मार्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांची पैसे हाताळण्याची क्षमता टप्प्याटप्प्यानं तपासली. त्यात दिसलं की आधी अवघड कामं जातात, सोपी नंतर. बँकेचा हिशेब समजणं, गुंतवणुकीचा निर्णय घेणं, खोटं ओळखणं हे लवकर ढासळतं. नोटा आणि नाणी मोजणं बराच काळ टिकतं.

म्हणजे जो माणूस पाचशेच्या वीस नोटा झरझर मोजतो, तोच कुठल्याही कागदावर सही करू शकतो. मोजणं शाबूत आणि पारख गेलेली, ही अवस्था सगळ्यात धोक्याची. त्यात भर म्हणजे अनेक रुग्णांना आपलं काही चुकतंय हेच जाणवत नाही. ते खोटं बोलत नसतात. मेंदूच तशी सूचना देत नाही.

मुलं पुण्या-मुंबईला किंवा छत्रपती संभाजीनगरला असतील तर आणखी पंचाईत. फोनवरचं बोलणं ठरलेलं असतं. "जेवलात का? पाऊस आहे का? गोळी घेतली का?" याची उत्तरं सवयीनं बरोबर येतात. फरक कळतो तो दिवाळीला किंवा माहेरपणाला आलेल्या लेकीला.

फसवणूक करणारे नेमके हेच हेरतात

शिकागोच्या रश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९ मध्ये नऊशेहून अधिक ज्येष्ठांचा अभ्यास मांडला. सुरुवातीला त्यांच्यापैकी कुणालाही स्मृतिभ्रंश नव्हता. पण जे लबाडी ओळखण्यात कमी पडत होते, त्यांना पुढं अल्झायमर होण्याचा धोका जास्त दिसला. थोडक्यात, वारंवार फसणं हेसुद्धा एक लक्षण असू शकतं.

गावाकडं फसवणुकीचे मार्ग वेगळे असतात. श्रावणबाळ योजनेचे महिन्याला दीड हजार, पीएम किसानचे वर्षाला सहा हजार, हे पैसे थेट खात्यात येतात. ते काढायला अनेक ज्येष्ठ गावातल्या ग्राहक सेवा केंद्रावर जाऊन अंगठा लावतात. तिथं बहुतेक जण प्रामाणिक असतात. पण "लागला नाही, परत लावा" म्हणत दोनदा अंगठा घेतला आणि दोन्ही वेळा पैसे काढले, तर विसरभोळ्या माणसाला ते कळणार कसं?

उपाय साधे आहेत. प्रत्येक वेळी छापील पावती घ्या. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा. अंगठ्यानं पैसे काढायचेच नसतील तर 'एम-आधार' ॲपमधून बायोमेट्रिक लॉक करता येतं, आणि लागेल तेव्हा उघडताही येतं. बँकेत मोबाईल क्रमांक कुणाचा नोंदवलाय, तेही एकदा पाहून घ्या. बरेचदा तो कधीच बंद पडलेला असतो.

पैसे गेलेच तर १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन करा. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत सरकत जाते. ग्राहकाची आणि बँकेची चूक नसताना झालेला व्यवहार तीन कामकाजाच्या दिवसांत कळवला, तर ग्राहकावर बोजा येत नाही, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. मात्र ओटीपी स्वतः सांगितला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान ग्राहकाचंच.

आधी डॉक्टर, मग वकील

हिशेब चुकतोय म्हणजे अल्झायमरच, असं धरून बसू नका. बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, नैराश्य, झोपेच्या किंवा इतर गोळ्यांचा परिणाम, डोक्याला लागलेला जुना मार, यामुळंही माणूस गोंधळतो. ऐकू कमी येणं आणि मोतीबिंदू यांमुळंही तो गोंधळल्यासारखा वाटतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर उपचार आहेत. म्हणून तपासणी टाळणं हेच सगळ्यात मोठं नुकसान.

हिंगोलीत जिल्हा रुग्णालय आहे आणि २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालयही सुरू झालं. पुढच्या तपासण्यांसाठी नांदेडचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जवळ पडतं.

"बापूंना लिहिता-वाचता येत नाही, मग परीक्षा कशी घेणार?" ही शंका रास्त आहे. पण शाळा न शिकलेल्यांसाठी वेगळ्या चाचण्या आहेत. हरियाणातल्या बल्लभगड भागात नव्वदच्या दशकात तयार झालेल्या एका चाचणीत शब्द उलटे लिहायला सांगण्याऐवजी आठवड्याचे वार उलटे म्हणायला सांगतात. डॉक्टरांकडं जाताना चुकलेल्या व्यवहारांची तारखांसह यादी न्या. "विसरतात" यापेक्षा "जूनमध्ये खताचे पैसे दोनदा दिले" हे डॉक्टरांना जास्त उपयोगी पडतं.

कुलमुखत्यारपत्राचा मोठा गैरसमज

"आपण कुलमुखत्यारपत्र करून ठेवलंय, काळजी नाही," असं अनेक घरांत म्हणतात. इथंच मेख आहे. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ नुसार, अधिकार देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्याराचा अधिकारही संपतो. म्हणजे ज्या दिवसासाठी कागद केला, नेमका त्याच दिवशी तो कामाचा राहत नाही. काही देशांत क्षमता गेल्यावरही टिकणारं मुखत्यारपत्र असतं. भारतात तशी सोय नाही.

मग पर्याय? अनेक कुटुंबांना उच्च न्यायालयात जाऊन पालक नेमून घ्यावा लागतो. हिंगोलीकरांसाठी ते खंडपीठ छत्रपती संभाजीनगरला आहे. वेळ आणि पैसा दोन्ही लागतो. म्हणून जे करायचं ते समज शाबूत असतानाच:

- नवरा-बायको किंवा विश्वासू अपत्यासोबत संयुक्त खातं, 'दोघांपैकी कोणीही किंवा हयात' या पद्धतीनं. पण यात दुसरा माणूस सगळे पैसे काढू शकतो, हे आधीच समजून घ्या. त्यामुळं सगळी पुंजी एकाच खात्यात नको.
- सगळ्या खात्यांना वारस नोंद, म्हणजे नॉमिनेशन. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चारपर्यंत नॉमिनी लावता येतात.
- मृत्युपत्र. त्याला दोन साक्षीदार लागतात. नोंदणी सक्तीची नाही. त्या दिवशीचं डॉक्टरांचं प्रमाणपत्र सोबत असलं तर पुढं भांडण कमी होतं.
- खाती, कर्जं, विमा, उसनवारी, सगळ्याची एका वहीत नोंद.

शरीर थकलंय पण समज आहे, अशांसाठी बँकेनं ७० वर्षांवरच्या ज्येष्ठांना घरपोच सेवा द्यावी, असं रिझर्व्ह बँकेनं २०१७ मध्येच सांगितलंय. सही जमत नसेल तर दोन साक्षीदारांसमोर अंगठा चालतो, आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार कर्मचारी असावा लागतो.

जमीन नावावर करताना एक ओळ विसरू नका

सगळ्यात नाजूक विषय हाच. फसवणूक दरवेळी बाहेरचाच करतो असं नाही. कधी घरातलाच कुणीतरी "बापू, इथं अंगठा लावा" म्हणतो, आणि ते हक्कसोडपत्र किंवा बक्षीसपत्र निघतं.

यासाठी २००७ चा आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायदा आहे. त्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली आणि सांभाळ केला नाही, तर तो व्यवहार रद्द होऊ शकतो. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात करायचा. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मधल्या एका निकालात, हा कायदा ज्येष्ठांच्या बाजूनं उदारपणे वाचला पाहिजे, असं सांगितलं.

पण अट कागदावर असणं महत्त्वाचं. याच न्यायालयानं २०२२ मध्ये एका प्रकरणात, अट नसल्यानं कलम २३ लागू होत नाही असं म्हटलं होतं. म्हणून बक्षीसपत्रात "आमचा शेवटपर्यंत सांभाळ करण्याच्या अटीवर" ही ओळ हवीच.

पैसे काढून घेणं हा उपाय नव्हे

आयुष्यभर घराचा कारभार पाहिलेल्या माणसाच्या हातातून एका दिवसात पासबुक काढून घेतलं, तर तो खचतो किंवा भांडायला उठतो. दोन्ही चूक नाही. पैसा म्हणजे त्याचा घरातला मान असतो.

त्यामुळं हळूहळू जा. मोठे व्यवहार दोघांनी मिळून करायचे, छोटे त्यांच्याकडंच ठेवायचे. "तुम्हाला जमत नाही" असं म्हणण्यापेक्षा "बापू, मला पट्टी वाचायला शिकवा" म्हणत शेजारी बसलात, तर कागद डोळ्याखालून जातो आणि मानही राहतो. आठवडी बाजारासाठी खिशात दोन-तीनशे रुपये असू द्या. त्यातले पन्नास हरवले तर हरवू द्या. आणि जो मुलगा किंवा मुलगी हिशेब बघेल, त्यानं तो बाकीच्या भावंडांना दर महिन्याला दाखवावा. व्हॉट्सॲपवर पासबुकाचा एक फोटो टाकायला मिनिटही लागत नाही, पण त्यामुळं पुढची दहा वर्षांची भाऊबंदकी टळू शकते.

मदतीसाठी हे क्रमांक सेव्ह करून ठेवा: ज्येष्ठांसाठी एल्डरलाइन १४५६७, मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६, कायदेशीर मदतीसाठी १५१०० आणि ऑनलाइन फसवणुकीसाठी १९३०.

पुढच्या वेळी गावी जाल तेव्हा "तब्येत कशी आहे?" एवढ्यावर थांबू नका. त्यांच्यासोबत बँकेत जा, मोंढ्यात जा आणि पासबुकाची शेवटची दोन पानं सोबत बसून वाचा.